नाद आणि नक्षी

वाद्याची परीक्षा कानानें करावी, हें वरवर पाहतां निर्विवाद दिसतें. तथापि व्हायोलिनचे कारागीर पिढ्यानुपिढ्या लांकूड निवडीत आले ते डोळ्यांनींही. वाद्याची पुढची पाटी साध्या, सरळ रेषांच्या स्प्रूसची असते. पाठ मात्र मेपलची, आणि तीही साधेल तेथवर लहरदार. क्रेमोनाच्या स्ट्राडिव्हारीच्या (मृत्यु १७३७) अनेक वाद्यांच्या पाठीवर वाघाच्या अंगासारखे पट्टे दिसतात. झाडाचे तंतू नागमोडी वाढले, म्हणजे त्यांच्यावर प्रकाश निरनिराळ्या कोनांनीं पडतो; वाद्य हालविलें कीं पट्टेही हालल्यासारखे भासतात. असें लांकूड रंध्याखालीं उचकटतें, आणि महागही पडतें. त्यामुळें नाद अधिक गोड होतो, असें मात्र सिद्ध झालेलें नाहीं. नाद अवलंबून असतो तो लांकडाच्या घनतेवर, ताठपणावर आणि कारागिरानें राखलेल्या जाडीवर.

मग नादाच्या वस्तूंत नक्षीसाठीं जादा मोल देणें हा दंभ नव्हे काय? आमच्या मतें नव्हे. ताटाभोंवतींच्या रांगोळीनें पोट भरत नाहीं, म्हणून तिला कोणी खोटी म्हणत नाहीं. खोटें बोलतो तो, रांगोळीमुळें अन्नास चव आली असें सांगणारा. शिवाय ही नक्षी पाठीवर. वादन चालू असतां श्रोत्यांस ती क्वचितच दिसते.

खरा प्रश्न पुढेंच आहे. वादकाचीं बोटें जिच्यावर फिरतात ती पट्टी बहुधा आबनुसाची असते, आणि ती निर्भेळ काळी असावी असा संकेत आहे. २०११ सालीं अमेरिकेंतील टेलर या गिटार-कंपनीनें कॅमेरून देशांतील आबनूस कापण्याचा एक कारखाना भागीदारीनें घेतला. तेव्हां बॉब टेलर यांना कळलें तें असें, कीं एका निर्भेळ काळ्या झाडासाठीं सुमारें दहा झाडें पाडलीं जात. ज्यांचा गाभा पट्टेदार निघे, तीं रानांतच टाकून देत. वस्तुतः पट्टेदार लांकूड वाद्याच्या कामीं तितकेंच उपयोगी. टेलर यांनीं तें वापरावयाचें ठरविलें.

येथील विसंगति ध्यानांत घेण्यासारखी आहे. मेपलच्या पट्ट्यांसाठीं गिऱ्हाईक जादा पैसे मोजतें, आणि आबनुसाच्या पट्ट्यांपायीं झाडच टाकून दिलें जातें. म्हणजे या दुसऱ्या ठिकाणीं मागणी सौंदर्याची नसून संवयीची असते. सौंदर्याच्या आवडीस आम्ही दोष देत नाहीं. परंतु संवयीनें सौंदर्याचें नांव घेऊन नऊ झाडें रानांत कुजत ठेवावीं, यास संमति देतां येत नाहीं. आपली आवड खरी कीं ती नुसती संवय, हें ओळखावयाचें असेल तर आपण जें नाकारतों तें एकदां हातांत घेऊन, उजेडाकडे धरून, नीट पाहावें.