सोर्स कोड झाकू नकोस

लिंबायत, सुरत

चि. भाचीस,

रिंग रोडच्या कापड व्यापाऱ्यांसाठी तू ईआरपीनेक्स्ट या खुल्या हिशेब-प्रणालीवर केलेलं काम दुकानात चालवून पाहिलं. ग्रे कापडाचे तागे, डाइंग मिलला गेलेला माल, तिथली घट, दलाली, वटाव, सगळं चोख बसलंय. आता ते आपल्या सर्व्हरवर ठेवून भाड्याने द्यायचं आणि सोर्स कोड कुणाला दाखवायचा नाही, असं तू म्हणालीस. ते मला पटलं नाही.

कायद्याने तुला कुणी अडवणार नाही. ईआरपीनेक्स्टला जीपीएल या मुक्त परवान्याची तिसरी आवृत्ती लागू आहे. सोर्स कोड देण्याची तिची अट प्रोग्रामची प्रत दुसऱ्याला दिली तरच लागते. तुझा व्यापारी ब्राउझर उघडून काम करतो. सर्व्हरवर चालणाऱ्या भागाची प्रत त्याला मिळतच नाही. ही पळवाट जुनीच. ती बुजवायला २००२ मध्ये ॲफेरो परवाना निघाला, २००७ मध्ये त्याचीही तिसरी आवृत्ती आली. बदललेला प्रोग्राम नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही सोर्स कोड मिळालाच पाहिजे, असं तिचं कलम १३ सांगतं.

ईआरपीनेक्स्ट बनवणाऱ्या मुंबईच्या फ्रापेने कोड खुला ठेवला, म्हणून तुला खतावणीपासून सुरुवात करावी लागली नाही. उद्या एखाद्या व्यापाऱ्याची मुलगी तुझं घटीचं गणित वाचून सुधारू म्हणाली, तर तिला दार बंद का?

तुझं स्वतःचं मॉड्यूल ॲफेरोखाली दे. ईआरपीनेक्स्टचा परवाना तुला बदलता येणार नाही, पण दोन्ही जोडून वापरायची मुभा जीपीएलनेच दिली आहे. कुणी तुझा कोड उचलून दुकान थाटेल ही भीती खरी आहे. मात्र त्यात फेरफार करून तो लोकांना वापरायला दिला, तर त्यालाही आपले बदल उघडे करावे लागतील.

जीपीएल लिहिणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांचा आक्षेप याच्याही पुढचा आहे. आपला हिशेब दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालला, की कोड मिळूनही ताबा आपला राहत नाही. तू रात्री सूत्र बदललंस तर सकाळी व्यापाऱ्याला जुनं चालवायची सोय नाही. म्हणून डेटाबेसचा पूर्ण बॅकअप त्याला स्वतः उतरवता यायला हवा, भाडं थकलं असलं तरी. कुणी आपल्या दुकानातल्या मशीनवर मागितलं तर बसवून दे आणि त्याचे रीतसर पैसे घे. जीएसटीचे नियम बदलले की दुरुस्तीला माणूस लागतोच. कमाई तिथे आहे.

दिवाळीच्या सीझनला पहिली गिऱ्हाइकं जोडणार आहेस ना? परवान्याची फाइल त्याआधी टाक आणि कोडचा दुवा लॉगिनच्या पानावरच दे.

तुझा मामा