वेष्टन आणि मुरणे

मराठीत ‘मुरणे’ हे क्रियापद अकर्मक आहे. लोणचे मुरते, पाणी जमिनीत मुरते, माणूस आपल्या व्यवसायात मुरतो. आपण ‘मुरवतो’ असे म्हणतो तेव्हाही प्रत्यक्षात आपण करतो ते इतकेच, की वस्तू योग्य जागी ठेवतो, झाकतो आणि बाजूला होतो. या झाकण्यात आणि बाजूला होण्यात काही नैतिक आशय आहे का, हा प्रश्न मला पडला तो लोणच्याच्या बरणीवरून नव्हे, तर चिरुटांच्या एका पेटीवरून. विषय तंबाखूचा आहे हे खरे, आणि मी स्वतः धूम्रपान करीत नाही. तरीही प्रश्न टाळावासा वाटला नाही.

इंदूरचे माझे मामा एका कापडगिरणीत हिशेबनीस होते. यंत्रे बसविण्यासाठी आलेल्या एका अमेरिकन अभियंत्याने १९७८ साली त्यांना होंडुरासमध्ये वळलेल्या २५ चिरुटांची पेटी भेट दिली. प्रत्येक चिरूट सेलोफेनच्या पारदर्शक वेष्टनात होता. मामांनी त्यातला एक ओढला, एक मित्राला दिला आणि उरलेले २३ ‘मुरू देत’ म्हणून आतल्या खोलीत, माठाशेजारच्या कोनाड्यात ठेवले. माळव्यातला उन्हाळा कोरडा. पण माठाची ओल आणि जाड भिंतींचा गारवा त्या कोनाड्याला बारा महिने मिळत असे. २०११ साली मामा गेले तेव्हा २३ चिरूट तसेच होते. फक्त पाण्यासारखे स्वच्छ असलेले सेलोफेन मधाच्या रंगाचे झाले होते. तंबाखूतील तेलांमुळे ते असे पिवळे पडते, आणि जाणकार त्या रंगावरून चिरुटाच्या वयाचा अंदाज बांधतात.

चिरूट म्हणजे मुळात वेष्टनांचीच वस्तू. हा शब्दच तमिळ ‘सुरुट्टु’वरून, म्हणजे गुंडाळण्यावरून आला. आत भरणाची पाने, त्यांना धरून ठेवणारे एक पान, आणि सर्वांवर निवडून घेतलेले, शिरा बारीक असलेले वरचे पान. वळण्याआधी पानांचे ढीग रचून ती आंबवतात. ढिगात उष्णता निर्माण होते, अमोनियाचा दर्प निघून जातो. क्यूबात त्यानंतर पानांचे गठ्ठे रॉयल पाम या ताडाच्या जातीच्या झाडाच्या पर्णतळाच्या सालीत बांधून ठेवतात. वळलेला चिरूट जातो तो बहुधा ‘स्पॅनिश सीडर’ म्हटल्या जाणाऱ्या लाकडाच्या पेटीत. नावात सीडर असला तरी हा वृक्ष देवदाराचा नातलग नाही. तो आपल्या कडुनिंबाच्या कुळातला. ट्रंकेतल्या कपड्यांत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालणाऱ्या घरांना हे नाते वेगळे समजावून सांगायला नको.

वाद आहे तो शेवटच्या वेष्टनाचा. चिरूट दीर्घकाळ ठेवायचा तर सेलोफेन काढावे की राहू द्यावे? काढावे म्हणणाऱ्यांचे म्हणणे असे, की उघडे चिरूट पेटीच्या लाकडाशी आणि एकमेकांशी मिसळून अधिक लवकर व अधिक चांगले मुरतात. राहू द्यावे म्हणणारे सांगतात, की वरचे पान नाजूक असते, हाताळताना फाटते. शिवाय एका चिरुटाचा वास दुसऱ्यास लागत नाही. दोन्ही पक्ष एक गोष्ट मान्य करतात. १९०८ साली ब्रँडेनबर्गर या स्विस रसायनज्ञाने शोधलेले सेलोफेन वनस्पतींतील सेल्युलोजपासून बनते, आणि त्याच्या साध्या प्रकारातून पाण्याची वाफ सावकाश आत-बाहेर जाऊ शकते. म्हणूनच ६५ ते ७० टक्के आर्द्रतेच्या पेटीत वेष्टनासह ठेवलेला चिरूटही मुरतो, फक्त हळू. लाखेने बंद केलेल्या काचेच्या नळीत तो जवळजवळ आहे तसाच राहतो.

मला या भेदात महत्त्वाचे काही दिसते. जपणे दोन प्रकारचे असते: वस्तूला बदलू न देणे आणि वस्तूला नीट बदलू देणे. आपल्या पूर्वजांनी पोथ्या बासनात बांधल्या, दप्तरे रुमालांत बांधली, ती कापडात, धातूच्या नळीत नव्हे. ते कापड धूळ अडवी, हवा अडवीत नसे. चांगले वेष्टन, मग ते सेलोफेनचे असो की सुती, आपली अपूर्णता टिकवून धरते.

परंतु एवढ्यावर प्रश्न सुटत नाही, कारण ठेवणारा कशासाठी ठेवतो हे वेष्टन सांगत नाही. १९६२ च्या फेब्रुवारीत अध्यक्ष केनेडी यांनी क्यूबाशी व्यापारबंदी जाहीर केली. त्यांचे वृत्तसचिव पिएर सॅलिंजर यांनी पुढे सांगितले आहे, की आदल्या संध्याकाळी अध्यक्षांनी त्यांना १,००० क्यूबन चिरूट मिळविण्यास सांगितले. सकाळी १,२०० मिळाल्याचे कळताच अध्यक्षांनी आदेशावर सही केली. हा किस्सा लोक हसत सांगतात. मला तो हसण्यासारखा वाटत नाही. इतरांसाठी दार बंद करण्यापूर्वी आपल्यापुरते आत घेणे याला साठा म्हणतात, राखण नव्हे, आणि ते चिरूट कितीही उत्तम पेटीत ठेवले तरी त्या फरकात काही बदल होत नाही.

मग मामांची काय गत? त्यांनी कोणाचे काही हिरावले नव्हते. पण ३३ वर्षे न वापरणे हीसुद्धा एक सूक्ष्म लालसा असू शकते: वस्तू भोगण्याऐवजी ती भोगता येण्याची शक्यता भोगणे. मुलाचे लग्न झाले, नातू झाला, निवृत्ती झाली. प्रत्येक वेळी प्रसंग आणखी मोठा हवा होता. दुसरी बाजूही आहे. चिरूट कितीही मुरला तरी निरुपद्रवी होत नाही, आणि न ओढलेल्या २३ चिरुटांनी मामांचे नुकसान केले नाही हे मान्यच करावे लागते. मात्र वळणाऱ्याचे काय? हवानाच्या कारखान्यांत १८६५ पासून कामगार स्वतःच्या पैशाने वाचक नेमत आणि पाने वळता वळता वर्तमानपत्रे व कादंबऱ्या ऐकत. होंडुरासच्या त्या अनामिक हातांनी काय ऐकत हे चिरूट वळले असतील कोण जाणे. पण ते पेटावेत म्हणून वळले होते, कोनाड्यासाठी नव्हे. न उघडलेल्या पुस्तकाइतकाच हा श्रमाचा अनादर आहे, असे मला वाटते. मामांवर प्रेम असूनही वाटते.

वर्षश्राद्धाला गिरणीतले त्यांचे एक जुने सहकारी आले होते. मामींच्या संमतीने मी एक चिरूट त्यांच्यासाठी बाहेर काढला. सेलोफेन हाताला कोरड्या पानासारखे लागले, पण आतले पान शाबूत होते. ओट्यावर बसून त्यांनी तो सावकाश ओढला आणि अर्ध्यावर ‘हलका झालाय’ एवढेच म्हणाले. ती स्तुती होती की तक्रार, हे मी विचारले नाही.

उरलेले २२ मामींकडेच आहेत. घरात आता माठ नाही, म्हणून कोनाडा कोरडा पडला आहे. मी पेटीत ओल्या स्पंजाची लहान वाटी ठेवली आणि दर पंधरा दिवसांनी पाणी घालायला सांगितले. मामी म्हणाल्या, ‘घालीन की. पण कोणासाठी रे?’