कुंपणालगत दोन हात

अ‍ॅस्टर म्हटले की फूलबाजारातल्या गुलाबी-जांभळ्या जुड्या आठवतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले गणेश’ नावाने त्याच्या जाती दिल्या, पण हे फूल मूळचे चीनचे. रायगडातल्या लोधिवलीच्या मातीतले त्याचे भाऊबंद निराळे: भातखाचराच्या बांधावरचा माका, वाटेकडेची सहदेवी, भात कापल्यावर खाचरातल्या ओलीवर उगवणारी गोरखमुंडी. त्यांना आपण तण म्हणून उपटतो. मुंबई-पुणे महामार्गाच्या कडेने, पाताळगंगेच्या खोऱ्यात आधी कारखाने आले, मागून बंगल्यांचे प्लॉट आले. मुरूम टाकून खाचरे बुजली, वर लॉन पसरले, कडेला क्रोटन लागले. बाग बारमाही हिरवी झाली, पण मधमाशीसाठी तिच्यात घासही उरला नाही. अशा प्रत्येक बागेत कुंपणालगतची दोन हात जागा या तणांच्या हक्काची असावी, असे माझे म्हणणे आहे.

अ‍ॅस्टरच्या कुळाचे वैशिष्ट्य असे की एक फूल म्हणून जे दिसते तो फुलांचा गुच्छ असतो. सहदेवीचे जांभळे बोंड करंगळीच्या नखाहून लहान, तरी त्यात वीसेक नळीदार फुले दाटीने बसलेली असतात. नळ्या उथळ असल्याने आखूड सोंडेच्या कीटकालाही मध मिळतो. फुलोरी माशी, नांगी नसलेल्या इवल्या मधमाश्या, हवेत एका जागी तरंगणाऱ्या पट्टेरी माश्या अशी मंडळी तिथे जमतात. या पट्टेरी माश्यांकडे बागवाल्याने नीट पाहावे. त्यांच्यातल्या कितीतरी जातींच्या अळ्या मावा खातात, आणि वाल-चवळीवर मावा पडला की काय होते हे रायगडात कोणाला सांगायला नको. शिवाय काकडी आणि दोडक्याची नर व मादी फुले वेगळी असतात. कीटक फिरला नाही तर मांडव फुलूनही फळ धरत नाही. आंब्याच्या मोहोरावरही परागीभवनाचे बरेचसे काम माश्याच करतात. गच्च पाकळ्यांच्या संकरित झेंडूकडून ही गरज भागत नाही, कारण मधल्या नळीदार फुलांच्या जागी त्यात पाकळ्याच वाढवलेल्या असतात.

यावर कोणी म्हणेल की कंबरमोडीवर, ओसाडीवर फुलपाखरे बसतातच, मग देशीचा आग्रह कशाला? निरीक्षण खरे आहे. ही दोन्ही झाडे अमेरिका खंडातून आली, तरी कीटक त्यांच्यावर पोट भरतात. पण कंबरमोडीला कोणाची मदत लागत नाही. ती राडारोड्यातही वाढते. गोरखमुंडीचे घरच भातखाचर. खाचर बुजले की तीही गेली. ज्याची जागा आपण घेतली त्यालाच ती थोडी परत द्यायची आहे. शिवाय ‘फुलपाखरांसाठी’ म्हणून हौसेने पेरलेला नारिंगी कॉसमॉस कुंपण ओलांडून डोंगरउतारावर पसरतो, हा धोका लहान नाही. गाजर गवतही याच कुळातले. ते मात्र फुलण्याआधी मुळासकट काढलेच पाहिजे. तण वाढले की साप येतील ही भीती रास्त आहे, म्हणून हा पट्टा उंबऱ्यापासून दूर, कुंपणाला धरून असावा. एवढ्याशा पट्ट्याने काय होणार, हा आक्षेप मला सर्वांत कच्चा वाटतो. इवल्या मधमाश्यांची झेप काहीशे मीटरची असते. त्यांच्यासाठी आपली बाग आणि शेजारची बाग हाच सारा मुलूख.

याच कुळातली सोनकी मात्र डोंगरमाथ्याची आहे. गडावरून तिची रोपे खणून आणू नयेत. सहदेवीच्या बोंडांतून पांढरा कापूस सुटू लागला की वाटेकडेचे बी मूठभर जमवावे आणि पहिल्या पावसात कुंपणाशी विखरून टाकावे. माका ओलसर कोपऱ्यात चांगला वाढतो. लॉन कापायला माळी येईल, तेव्हा कुंपणापासून दोन हात अलीकडेच थांबायला त्याला सांगा.