देह झिजवावा, पण फेकून देऊ नये

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



या वेळचा सत्संग-संदेश आमच्या एका चुकीपासून सुरू करतो आहोत. चूक मंडळाची, म्हणजे कारभार बघणाऱ्या आम्हा सगळ्यांची. ती झाकून पुढचं सांगितलं तर तुम्हाला ते पटणार नाही, आणि आम्हालाही सांगायचा अधिकार राहणार नाही.

गेल्या दत्तजयंतीच्या महाप्रसादाला आपले एक काका नेहमीप्रमाणे वाढपात होते. वय त्र्याहत्तर. दुसऱ्या पंगतीला आमटीची भरलेली बादली घेऊन येताना मांडवाच्या पायरीवर त्यांचा पाय सरकला आणि ते गुडघ्यावर आपटले. आमटी सांडली, पोरं धावली. काका हसत उठले, "काही नाही झालं, गुरुमाऊलींनी सांभाळलं" म्हणाले आणि तिसरी पंगतही वाढून घरी गेले. चार दिवसांनी त्यांच्या सूनबाईंचा फोन आला. गुडघा सुजून टम्म झालेला, रात्रभर झोप नाही, आणि काकांनी घरातसुद्धा कुणाला सांगितलेलं नव्हतं. आम्ही भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, "सांगितलं असतं तर पुढच्या वर्षी मला बादली दिली असती का तुम्ही?"

आम्ही त्यावर काहीच बोललो नाही, कारण खरंच दिली नसती.

इथवर काकांचं झालं. आमची चूक त्यानंतरची. काळजीच्या भरात आम्ही बैठक घेतली आणि ठरवलं की साठीच्या पुढच्या प्रत्येक सेवेकऱ्यानं सकाळच्या व्यायामाला यायलाच हवं, महिन्यातून एकदा चाचणी होईल, आणि जो उतरेल त्यालाच उत्सवात उभ्याची सेवा मिळेल. तसा निरोप ग्रुपवर टाकलाही. दुसऱ्या गुरुवारी स्वयंपाकघरात तीन जणी आल्या नाहीत. त्यातल्या एक मावशी, ज्यांच्या हातच्या पुरणपोळ्या खाऊन आपल्यातले कित्येक जण लहानाचे मोठे झाले, त्यांनी नातवाच्या हाती पोळपाट-लाटणं परत पाठवलं. सोबत निरोप होता, "चाळीस वर्षं लाटल्या. आता परीक्षा देऊन लाटायच्या नाहीत."

त्या रात्री आम्हाला कळलं की आपण कुठे चुकलो. सेवेवर आम्ही दार बसवलं होतं आणि किल्ली गुडघ्यांच्या हाती दिली होती. आम्ही तो निरोप मागे घेतला, मावशींच्या घरी जाऊन क्षमा मागितली, आणि मग शांतपणे विचाराला बसलो की देहाचा आणि सेवेचा संबंध तरी काय?

"शरीर हेच धर्माचं पहिलं साधन" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. तालमीत, शाळेत भिंतीवर रंगवलेलं असतं. पण ते कुणी, कुणाला आणि कधी म्हटलं हे फारसं कुणी सांगत नाही. कालिदासाच्या कुमारसंभवात पाचव्या सर्गात ते येतं. पार्वती घोर तपाला बसली आहे. तिची परीक्षा घ्यायला स्वतः शंकर बटूच्या वेषात येतात आणि आधी घरच्या माणसासारखी चौकशी करतात. समिधा, दर्भ सहज मिळतात ना? स्नानाला पाणी चांगलं आहे ना? आणि मग विचारतात, तप आपल्या शक्तीच्या बेतानं करते आहेस ना? त्याच श्वासात पुढे ते म्हणतात की शरीर हे धर्माचं पहिलं साधन आहे.

बघा, आधी आपुलकीची चौकशी आणि मग शरीराचं महत्त्व. "तुझ्या शक्तीप्रमाणे ना?" हा प्रश्न आधी आला. आम्ही नेमकं उलटं केलं होतं. शरीराचं महत्त्व आधी सांगितलं, चौकशी राहूनच गेली. "स्वशक्ती" म्हणजे ज्याची त्याची शक्ती. शेजाऱ्याची नव्हे, तरुणपणीची नव्हे, आणि मंडळानं कागदावर ठरवलेलीही नव्हे.

आता दुसरी बाजू. आपल्यापैकी कितीतरी जण म्हणतात, "देह नाशवंत आहे, त्याचे लाड कशाला?" खरं आहे. पण लाड आणि निगा यांत फरक आहे. भाड्याच्या घरात राहणारा शहाणा माणूस भिंतींना सोनं लावत नाही, पण छप्पर गळायला लागलं तर कौल सरकवतोच. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला हेच सांगितलं. फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. ज्याचं खाणं, हिंडणं, काम, झोप आणि जागणं बेताचं, त्याचंच दुःख योगानं जातं. हिंडणं फिरणंही भगवंतांनी त्या यादीत घेतलं आहे, हे आपण पारायण करताना पुढे निघून जातो.

आणि मग वाटतं, ज्यांचं शरीर साथच देत नाही त्यांनी काय करायचं? आपल्याजवळच नर्मदाकाठी गरुडेश्वर आहे. तिथे श्रीवासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराजांची समाधी आहे. महाराज १८५४ साली माणगावी जन्मले आणि १९१४ साली गरुडेश्वरी त्यांनी देह ठेवला. वाहनात न बसता त्यांनी भारतभर पायी भ्रमण केलं. पण त्याच महाराजांना संग्रहणीचा त्रास होता, हेही आपण चरित्रात वाचतो. शरीर निरोगी होतं म्हणून ते चालले असं नव्हे, आणि आजार आहे म्हणून त्यांनी देहाची हेळसांडही केली नाही; आसन, प्राणायाम, पथ्य, सगळं सांभाळून चालले. त्यांच्याकडे कुणी चाचणीचा कागद मागितला असता का? आम्हाला आमचीच लाज वाटली.

म्हणून आता नव्यानं ठरवलं आहे. व्यायामाचा वर्ग राहील, पण तो पूर्णपणे ऐच्छिक. हजेरी नाही, चाचणी नाही, फी नाही. येणं न येणं ज्याच्या त्याच्या मनावर, आणि त्याचा सेवेशी काडीचा संबंध नाही.

बडोद्याला व्यायाम नवा नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि प्रोफेसर माणिकरावांचं नाव आपल्या आजोबांच्या तोंडी असे. पण आपण करतो ती काही कुस्ती नव्हे, मलखांबही नव्हे. काय करतो ते सांगतो, म्हणजे घरी बसूनही करता येईल.

जागतिक आरोग्य संघटनेनं पासष्टीच्या पुढच्यांसाठी सांगितलेलं प्रमाण असं : आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम चालणं किंवा तसंच काही, दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम, आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव. १५० ऐकून घाबरू नका. रोजची पंचवीस मिनिटंसुद्धा होत नाहीत. आणि ज्यांना तेवढंही जमत नाही त्यांनी जमेल तेवढं करावं असंही तीच संघटना सांगते. थोडं केलेलं अजिबात न केल्यापेक्षा बरंच.

चालताना वेग किती? आमची खूण सोपी आहे. शेजारच्याशी बोलता यावं, पण आरती खड्या आवाजात म्हणता येऊ नये. आरती म्हणता आली तर वेग जरा वाढवा. बोलतानाच धाप लागली तर कमी करा.

ताकदीसाठी खुर्ची. भिंतीला टेकवलेली, हात असलेली, चाकं नसलेली. पाय जमिनीवर नीट टेकवून बसायचं, पुढे झुकायचं, उठायचं, आणि सावकाश बसायचं. धपकन पडायचं नाही, बसण्यातच खरा व्यायाम आहे. हाताचा आधार लागला तर घ्या. उठताना श्वास सोडायचा, कोंडून धरायचा नाही. आम्ही प्रत्येक उठण्याला एक "दत्त" म्हणतो, म्हणजे मोजायचंही होतं आणि नामही होतं. वय वाढलं की मांडीचे स्नायू आपसूक कमी होत जातात. पंगतीतून उठताना, संडासातून उठताना, पायरी चढताना तेच लागतात.

तोलासाठी ओट्याला किंवा खुर्चीच्या पाठीला धरून टाचा उचलायच्या. मग फरशीच्या रेघेवरून एका पावलाला दुसरं पाऊल लावत चालायचं. शेजारी धरायला भिंत हवीच.

सांभाळायचं ते असं. छातीत दुखलं, चक्कर आली, घाम सुटला तर लगेच थांबायचं आणि सांगायचं, लपवायचं नाही. हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच यायचं. निर्जळी उपासाच्या दिवशी व्यायाम नाही. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी अंथरुणातून एकदम उठू नये. आणि घरच्यांसाठी : न्हाणीघराच्या वाटेवर रात्री दिवा ठेवा, सरकणारी पायपुसणी काढून टाका.

सेवेच्या वाटणीतही बदल केला आहे. आमटीची भरलेली बादली यापुढे कुणीच एकट्यानं उचलायची नाही, मग वय वीस असो की सत्तर. दोघांनी दोन्हीकडून धरायची. पोळ्या लाटायला ओट्याबरोबर टेबल-खुर्चीही ठेवली आहे. मांडवाच्या पायरीला कठडा बसवला, जो खरं तर पहिल्याच दिवशी बसवायला हवा होता. पडले काका, पण चुकली होती पायरीच.

तरुणांना एक विनंती. "आजोबा, तुम्ही बसा, आम्ही करतो" हे प्रेमानं म्हणता, ठाऊक आहे. पण रोज असं ऐकून माणूस खरंच बसून जातो. हातातलं काम काढून घेण्याऐवजी दुसरा कान तुम्ही धरा. आणि ज्येष्ठांनो, तुम्हालाही हात जोडून सांगतो. दुखणं लपवणं म्हणजे श्रद्धा नव्हे. पडलात तर सांगा. सांगितल्यानं सेवा जाणार नाही, हा शब्द मंडळानं गादीसमोर दिला आहे.

अंथरुणाला खिळलेल्या आपल्या आजी-आजोबांना वाटेल, आमचं काय? तुमचा श्वास चालू आहे आणि त्यावर नाम आहे, तोवर तुमची सेवा चालूच आहे. पडल्या पडल्या पायाची बोटं हलवा, घोटे फिरवा, प्रत्येकाला एक नाम. आमच्या वर्गापेक्षा ते कमी नाही.

काका आता वर्गाला येतात. सुरुवातीला हात टेकून तीनदा उठत, आता आधाराशिवाय आठदा. चैत्रात नर्मदेची उत्तरवाहिनी परिक्रमा पुरी करायची इच्छा आहे त्यांची. होईल की नाही ते त्यांचा गुडघा आणि नर्मदामाई ठरवतील. मावशी मात्र वर्गाला येत नाहीत. ओटल्यावर बसून आमची मजा बघतात, "अरे, टाचा उचल नीट" म्हणून ओरडतात, आणि मग आत जाऊन पोळ्या लाटतात. पोळपाट-लाटणं परत आलं आहे. आम्हाला तेवढं पुरे.

गुरुमाऊलींच्या चरणी एवढंच मागणं : हा देह तुमच्या कामी झिजू दे, पण आमच्या हलगर्जीनं मोडू देऊ नका. आणि कुणाच्या देहाकडे बघून त्याची सेवा मोजण्याची बुद्धी आम्हाला पुन्हा होऊ देऊ नका.

वर्ग सोमवार, बुधवार, शुक्रवार, काकड आरतीनंतर अर्धा तास, सभामंडपात. सैल कपडे, न घसरणाऱ्या चपला, पाण्याची बाटली. ज्यांच्या घरी ज्येष्ठांकडे मोबाइल नाही, त्यांनी हा संदेश त्यांना मोठ्यानं वाचून दाखवावा.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥