मळभ आणि आळस

ज्या माणसाने आयुष्यभर आकड्यांची चाकरी केली, त्याच्याच हातून आकडे निसटताना पाहणे घरच्यांना किती भयप्रद वाटते, हे मी इंग्रजी तिसरीत असताना अनुभवले. माझे वडील तालुक्याच्या एका कचेरीत जमाखर्चाचे कारकून होते. त्या उन्हाळ्यात त्यांना विषमज्वर झाला, तीन आठवड्यांनी तो उतरला, आणि अंगात ताप नाही, भूक लागते आहे, तेव्हा माणूस बरा झाला असे धरून सर्वांनी, त्यांनी स्वतःसुद्धा, रजा संपताच दप्तरापुढे बसण्याचे ठरवले. पुढे पंधरा दिवस रोज संध्याकाळी ते तेरजेचे कच्चे कागद घेऊन कंदिलापाशी बसत. बारा पैंचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया, अशा त्या काळच्या बेरजेत पैच्या रकान्यातून आण्याच्या रकान्यात आणि तेथून रुपयांत असा हातचा दोनदा वाहून न्यावा लागे. १९५७ साली दशमान नाणी आली तेव्हा ही यातायात संपली. वडील आकड्यावर बोट ठेवून ओठांतल्या ओठांत पुटपुटत खाली उतरत, तळाशी पोचेतो हातचा विसरत, टाक पुसून पुन्हा वरून आरंभ करीत, आणि तीन वेळा केलेल्या बेरजेचे तीन निराळे आकडे समोर आले म्हणजे कागद दूर सारून आईला म्हणत, "अगं, डोक्यात नुसतं मळभ आलंय."

कचेरीत या मळभाला रकाना नव्हता. कामचुकारपणाचा शेरा पडला, लेखी खुलासा मागवला गेला, आणि वडिलांनी त्याचा जो मसुदा केला तो मी चोरून वाचला. त्यात आजाराचा उल्लेख ओझरता होता. आपल्या हातून हयगय झाली, हे मात्र स्पष्ट कबूल केलेले होते. शेऱ्यापेक्षा ती कबुली मला आजही अधिक बोचते, कारण जी गोष्ट त्यांनी केलीच नव्हती तिचा अपराध त्यांनी मनोभावे स्वतःवर घेतला होता.

हल्ली या अवस्थेला 'ब्रेन फॉग' हे नाव रूढ झाले आहे आणि कोविडच्या साथीनंतर महिनोन्महिने तिच्यात चाचपडलेली माणसे पुष्कळांच्या घरी आहेत. नाव नवे असले तरी प्रश्न पुरातन आहे, आणि तो केवळ वैद्यकाचा नाही. बुद्धी मंदावते तेव्हा तो मनुष्याचा दोष मानावा की त्याच्यावर ओढवलेली आपत्ती? आपल्या परंपरेने मांद्याला तमोगुणात घातले. गीतेच्या चौदाव्या अध्यायात प्रमाद, आलस्य आणि निद्रा ही तमाची बंधने सांगितली. समर्थांनी दासबोधाच्या अठराव्या दशकात निद्रेवर एक अखंड समास खर्ची घातला आणि लगेच पुढच्या समासात अवलक्षणी श्रोत्यांना फैलावर घेतले. जागा राहू शकणाऱ्याने डुलक्या घ्याव्यात, याबद्दलचा समर्थांचा संताप सर्वथैव रास्त आहे. परंतु या शिकवणीचा जो गाळीव अर्थ घराघरांत उतरला, त्यात डुलकी घेणारा आणि डोळे फाडूनही न दिसणारा हे दोघे एकाच पंक्तीला बसवले गेले, आणि वडिलांचा तो मसुदा त्या पंक्तीतूनच लिहिला गेला होता.

वस्तुतः शास्त्रकारांनी ही गल्लत केलेली नाही. पतंजलींनी समाधीच्या वाटेवरचे जे नऊ अंतराय गणले, त्यांत स्त्यान आणि आलस्य हे दोन स्वतंत्र आहेत. व्यासभाष्याप्रमाणे स्त्यान म्हणजे चित्ताची अकर्मण्यता, काम करण्याची त्याची असमर्थताच. आणि आलस्य म्हणजे देह व चित्त जड झाल्यामुळे प्रवृत्तीच न होणे. वडील रोज संध्याकाळी कागद घेऊन बसत होते, चौथ्यांदा बेरजेला हात घालीत होते. प्रवृत्ती शाबूत होती, चित्तच हुकूम मानीत नव्हते. त्यांना होते ते स्त्यान, आणि शेरा पडला तो आलस्याचा. याहूनही मला महत्त्वाची वाटते ती त्या नऊ जणांची मांडणी. त्यात पहिले नाव व्याधीचे आहे. चित्ताच्या निरोधाचे शास्त्र सांगायला बसलेला ऋषी विघ्नांची मोजदाद धातू, रस आणि इंद्रिये यांच्या विषमतेपासून सुरू करतो आणि त्यानंतरच स्त्यानाकडे वळतो. हा क्रम निर्हेतुक आहे असे मला तरी वाटत नाही.

बौद्धांनीही ध्यानाच्या पाच नीवरणांत 'थीनमिद्ध' या नावाने हेच मांद्य गणले आणि त्याला जो दृष्टांत दिला तो मला अन्यत्र कोठे आढळलेला नाही. पात्रातल्या पाण्यात माणूस आपला चेहरा पाहू लागतो. कामवासनेने ते पाणी रंगवल्यासारखे होते, द्वेषाने ते उकळते, अस्वस्थतेने वाऱ्यावर हेलकावते, संशयाने गढूळ होऊन अंधारात राहते, आणि थीनमिद्धाने त्यावर शेवाळ धरते. ज्याने कोकणातली एखादी बावडी पावसाळ्यानंतर पाहिली आहे, त्याला या उपमेचा नेमकेपणा सांगावा लागणार नाही. शेवाळाखाली पाणी तेच असते, निर्मळही असते. प्रतिबिंब तेवढे उमटत नाही.

त्यावरचा उपायही मोठा मानुष आहे. अंगुत्तरनिकायाच्या सातव्या निपातात, मगधातील एका खेड्यात मोग्गल्लान ध्यानाला बसून पेंगत असताना बुद्ध त्याच्यापाशी येतो आणि एकामागून एक तजवीज सांगतो. ज्या विचारात असताना झापड आली तो विचार सोड, न गेली तर ऐकलेल्या धर्माचे मनन कर, न गेली तर तो मोठ्याने म्हण, तरीही न गेली तर कानाच्या पाळ्या ओढ, हातपाय चोळ, मग ऊठ, डोळ्यांना पाणी लाव, दिशांकडे पाहा, नक्षत्रांकडे पाहा, रात्रीही दिवसाचा प्रकाश मनात धर, येरझारा घाल. आणि एवढे करूनही झापड गेली नाही, तर उजव्या कुशीवर पायावर पाय ठेवून, उठण्याचा संकल्प मनाशी बाळगून, स्मृतीने झोप. साऱ्या उपदेशात शिष्याला अपराधी ठरवणारा एकही शब्द नाही. विचार, वाणी, त्वचा, पाणी, प्रकाश, पावले, अशी एकेक पायरी उतरत तो महापुरुष अखेर अंथरुणापाशी येऊन थांबतो, आणि अंथरूण म्हणजे पराभव असे तेथे कोठेही ध्वनित होत नाही. गोव्यात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी पालीतले हे धन मराठीच्या अंगणात आणले, याचे ऋण मला अशा वेळी विशेष जाणवते.

आजचे वैद्यक यात फार निराळे सांगत नाही. पुरेशी आणि ठरल्या वेळची झोप, सकाळचे ऊन, चालणे, वेळेवर जेवण व पाणी, एका वेळी एकच काम, हीच त्याचीही प्रथम मात्रा आहे. चरकाने तर आहारासोबत निद्रेला देहाच्या तीन उपस्तंभांत स्थान दिले. मात्र 'नैसर्गिक उपाय' या शब्दांच्या मोहात पडून तपासणी टाळणे मला पटत नाही. पांडुरोग, थायरॉईडची न्यूनता, शाकाहारी घरांत नेहमी आढळणारी ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, एखाद्या औषधाचा परिणाम, मनाला ग्रासणारे नैराश्य, यांपैकी कशानेही असे शेवाळ धरू शकते, आणि ते रक्ताच्या साध्या तपासणीने वा वैद्याच्या चार प्रश्नांनी बहुधा उघडे पडते. माणूस एकाएकी भरकटल्यासारखे बोलू लागला, तर घटकाभरही न थांबता त्याला रुग्णालयात न्यावे.

आता जो प्रश्न मला आयुष्यभर सोडून गेला नाही तो. बुद्धी मंद झाली म्हणजे 'मी' मंद झालो काय? विद्यारण्यांनी पंचदशीच्या आरंभीच सुषुप्तीचा विचार केला आहे. गाढ झोपेतून उठलेला मनुष्य 'मला काहीच कळले नाही' असे म्हणतो. हे त्याचे स्मरण आहे, आणि अनुभवावाचून स्मरण होत नाही. म्हणजे त्या अंधाराचाही कोणी द्रष्टा तेथे होता. हाच तर्क जागेपणीच्या मळभाला लावून पाहिला, तर 'माझ्या डोक्यात मळभ आले आहे' असे जो बिनचूक सांगतो, तो त्या मळभाने झाकलेला असणे शक्य नाही. वडील बेरीज चुकत होते, पण बेरीज चुकते आहे हे मात्र एकदाही चुकले नाहीत. अर्थात हा विचार त्या पंधरा दिवसांत कोणी त्यांच्या कानी घातला असता, तर त्याचा काडीइतका उपयोग झाला नसता. शेवाळलेल्या चित्ताला वेदान्त धरवत नाही, हे मी पुढे स्वतःच्या दुखण्यात जाणले, जेव्हा पोथीतली एकच ओवी चारदा वाचूनही पाचव्यांदा ती मला अनोळखी वाटली. तथापि त्या दिवशी पोथी मिटताना मला वडिलांसारखी लाज वाटली नाही, आणि याचे श्रेय मी विद्यारण्यांनाच देतो.

वडिलांचा मसुदा कचेरीत गेलाच नाही. आजीने वैद्यांना बोलावले; त्यांनी नाडी पाहून, जीभ पाहून, आणखी महिनाभर रजा घेण्यास बजावले, आणि बिनपगारी का होईना, ती मिळाली. मऊ भात, मेतकूट, लोणकढे तूप, दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात अंथरूण, आणि पहाटे नदीपर्यंत चालत जाऊन येणे, एवढाच शिरस्ता होता. कागदाला हात लावण्याची मनाई आजीनेच केली होती. आषाढ सरता सरता एका संध्याकाळी, आजी देवळात गेलेली पाहून, वडिलांनी भिंतीवरचे दुधाचे खाते काढले आणि पेन्सिल घेऊन ओसरीवर बसले. बोट एकेक आकडा उतरत होते. पैंच्या तळाशी पोचल्यावर त्यांनी हातचा मोठ्याने म्हटला, आण्यांच्या तळाशी पुन्हा म्हटला, खाली रक्कम मांडली, मग ती तळहाताने झाकून सारी बेरीज नव्याने केली. हात उचलून त्यांनी दोन्ही आकडे बराच वेळ निरखले.

"जुळलं गं," ते आत स्वयंपाकघराकडे पाहून म्हणाले.