ब्लँक कुठे आहे?

बस. तुझा मसुदा वाचला. शीर्षकात ‘लोह-उत्प्रेरित’ असं ठसठशीत लिहिलं आहेस. सायक्लोहेक्झेनोन घेतलंस, एथिल मॅग्नेशियम ब्रोमाइड घेतलंस, ५ मोल टक्के आयर्न क्लोराइड टाकलंस आणि ३-एथिलसायक्लोहेक्झॅनोन मिळालं. ठीक. आता मला एवढंच सांग, आयर्न क्लोराइड न टाकता हीच रिअ‍ॅक्शन लावलीस तेव्हा काय मिळालं?

गप्प का? नोटबुक मी पाहिली आहे. ते पान तिथे नाही. तक्त्यात सॉल्व्हंट बदललेस, तापमानं बदललीस, ग्रिन्यार ओतण्याचा वेग बदललास. धातूविना, म्हणजे ब्लँकची, एक ओळ नाही. आणि ‘उत्प्रेरक’ हा शब्द मात्र पानोपानी. ब्लँकशिवाय तो शब्द लिहिण्याचा अधिकार तुला कोणी दिला?

‘वेळ नव्हता’ म्हणू नकोस. उणे वीस अंशांवर एक फ्लास्क जास्तीचा लावायला कितीसा वेळ लागतो?

तू ज्या विषयात हात घातला आहेस तो मुळात याच प्रश्नातून उभा राहिला. १९४१ साली शिकागोत खराश आणि टॉनी यांनी आयसोफोरोनवर मिथाइल मॅग्नेशियम ब्रोमाइड टाकून पाहिलं. आधी नुसतंच, कोणताही धातू न मिसळता. मिथाइल कार्बोनिलवर गेलं; अल्कोहोल मिळालं आणि त्यातलं पाणी जाऊन झालेला डायिन. मग त्याच रिअ‍ॅक्शनमध्ये जेमतेम १ मोल टक्का क्युप्रस क्लोराइड टाकलं आणि चित्र पालटलं. मिथाइल बीटा कार्बनवर बसलं, ३,३,५,५-टेट्रामिथिलसायक्लोहेक्झॅनोन ८० टक्क्यांवर मिळालं. लोखंड आणि कोबाल्टचे क्षारही त्यांनी तपासले. तांब्यासारखा परिणाम त्या क्षारांनी दिला नाही. तो शोध कशामुळे ठरला? शेजारी धातूविना केलेला प्रयोग होता म्हणून. तो नसता तर तांब्याने काही केलं हे त्यांना तरी कसं कळलं असतं? हा पेपर तुझ्या संदर्भयादीत पहिला आहे. वाचला आहेस, की दुसऱ्याच्या यादीतून उचललास?

आता तुझं यंत्रणेचं चित्र काढ. हे बघ. तांब्याचं जे चक्र पाठ्यपुस्तकात असतं तेच आहे. सीयू खोडून एफई लिहिलं आहेस. बाण तेच, पायऱ्या त्याच. असं चालत नाही रे! तांबं आधी दुहेरी बंधाच्या पाय इलेक्ट्रॉनांना धरतं, मग बीटा कार्बनशी जोडलं जाऊन अधिक तीन ऑक्सिडेशन अवस्थेत जातं, आणि तिथून कार्बन-कार्बन बंध देऊन मोकळं होतं. हे लोकांनी नुसतं कल्पिलं नाही. ती अधिक तीन अवस्था २००७ मध्ये उणे शंभर अंशांवर एनएमआरच्या नळीत प्रत्यक्ष पाहिली गेली, तीही सायक्लोहेक्झेनोन घेऊनच. तुझ्या लोखंडाबद्दल तुझ्याकडे काय पुरावा आहे? एक टीएलसी प्लेट आणि कॉलमनंतरचं यील्ड!

त्या यील्डबद्दलही बोलू. साठीच्या घरातला आकडा दिला आहेस. उरलेलं कुठे गेलं? एथिल कार्बोनिलवर जाऊन १,२ उत्पाद झाला असेल तर तृतीयक अ‍ॅलिलिक अल्कोहोल झालं असणार. तू क्वेंच करताना हायड्रोक्लोरिक आम्ल ओतलंस. त्यात त्याचं पाणी निघून डायिन झालं असणार, आणि आठ कार्बनचा तो हलका डायिन रोटाव्हॅपवर पंपाबरोबर निघून गेला असणार. मग कॉलमवर कीटोन सोडून दुसरं काय दिसणार? ‘१,२ उत्पाद आढळला नाही’ हे तुझं वाक्य म्हणून मला मान्य नाही. तू तो शोधलाच नाहीस. अमोनियम क्लोराइडने थंडपणे क्वेंच कर आणि क्रूडचाच एनएमआर घे. साडेपाच ते सहाच्या दरम्यान अल्कोहोलचे व्हिनिल प्रोटॉन आहेत का, सहा आणि सातजवळ न वापरलेलं एनोन किती आहे, हे आकड्यांत लिही.

आणि आयर्न क्लोराइडची बाटली कोणती? नोटबुकमध्ये लॉट नंबर नाही. शेल्फवर ९८ टक्क्यांची बाटली आहे. राहिलेले दोन टक्के काय आहेत, हा विचार एकदा तरी मनात आला का? बोल्म यांच्या गटाने २००७ मध्ये लोखंडाने कार्बन-नायट्रोजन बंध जोडल्याचं लिहिलं होतं. २००९ मध्ये त्यांनीच बुकवाल्ड यांच्यासोबत छापलं की अशा रिअ‍ॅक्शनमध्ये आयर्न क्लोराइडमधलं अंशभर तांबं काम करत असू शकतं. काही पीपीएम तांबंही पुरतं. २००५ मध्ये लेडबीटर यांनीही स्वतःचीच ‘धातूविना’ सुझुकी रिअ‍ॅक्शन पुन्हा तपासली, तेव्हा सोडियम कार्बोनेटमध्ये सुमारे ५० पीपीबी पॅलेडियम निघालं. मोठ्या माणसांनी आपलंच काम उलगडून पाहिलं. तुझी रिअ‍ॅक्शन तर अशी की तांब्याचा कणही तिचा रस्ता बदलतो, आणि तू बाटलीवरचं लेबल वाचून गप्प बसलास?

तुझा स्टर बार बघ. पांढरा टेफ्लॉन करडा झाला आहे. त्याच टेबलावर गेले कित्येक महिने कॉपर आयोडाइड वापरलं जातं आहे. ब्रश आणि अ‍ॅसिटोनने तो धातू जात नाही. मॅग्नेशियमच्या टर्निंग्जमध्येही इतर धातू असतात. ग्रिन्यार तू टायट्रेटही केलेलं नाहीस, म्हणजे किती इक्विव्हॅलंट टाकलेस हेही तुला ठाऊक नाही.

मी इतका का चिडलो आहे, ते ऐक. बीटा जागी गट बसवलेले हे वलयी कीटोन म्हणजे कागदावरचं खेळणं नव्हे. कस्तुरीचा वास ज्याने येतो ते मस्कोन पंधरा कार्बनांच्या वलयाचं कीटोन आहे, तिसऱ्या जागी एक मिथाइल. ते मिथाइल तांब्याच्या साहाय्याने बसवता येतं. आणि ते कोणत्या बाजूने बसलं यावर वास ठरतो, कारण आर रूप दरवळतं आणि एस रूप फिकं पडतं. उद्या कोणी तुझ्या पेपरवर विसंबून लोखंडाभोवती कायरल लिगँड शोधायला बसेल. काम मुळात तांबं करत असेल तर त्या मुलाचं वर्ष मातीत जाईल, आणि आपण कुठे चुकलो हे त्याला समजणारही नाही.

हुशारी तुझ्याकडे आहे. हात चांगला आहे, कॉलम स्वच्छ करतोस, निर्जल ईथर हाताळताना घाई करत नाहीस. म्हणूनच हे सोडून देणार नाही.

मसुदा माझ्याकडे राहील. उद्या नवे फ्लास्क, नवे स्टर बार घे. ग्रिन्यार टायट्रेट कर. एकाच ग्रिन्यारच्या बाटलीतून शेजारी शेजारी चार रिअ‍ॅक्शन लाव: धातूविना, तुझ्या ९८ टक्क्यांच्या क्लोराइडने, ९९.९९ टक्क्यांच्या क्लोराइडने; आणि त्याच शुद्ध क्लोराइडमध्ये मुद्दाम अगदी थोडं क्युप्रस क्लोराइड घालून. दोन्ही क्लोराइडचे नमुने आयसीपी-एमएसला पाठव. अर्जावर सही मी करतो. चारही रिअ‍ॅक्शनचे क्रूड एनएमआर घेऊन ये. शीर्षकात कोणता धातू लिहायचा, ते त्यानंतर बोलू.