विष कुणाच्या हातानं?

एक प्रश्न तुमच्यापुढं ठेवतोय. दिसायला किरकोळ आहे. घराला वाळवी लागली तर मारायची की नाही? तुम्ही हसाल. म्हणाल, डोंगराएवढे प्रश्न पडलेत आणि हा गडी किड्यामुंग्यांवर शाई सांडतोय. हसा. पण आपण पंचशील घेतलेली माणसं आहोत. विहारात हात जोडून पहिलं शील म्हणतो, जीवहिंसेपासून लांब राहीन. ते शील तोंडापुरतं आहे की घरातही चालतं, हे मोर्चात कळत नाही. चौकटीच्या लाकडात बोट घातलं आणि ते भुसभुशीत होऊन आत गेलं, की मग कळतं.

आधी जिला मारायचं तिला ओळखून घेऊ. ज्याला आपण ओळखत नाही त्याला मारणं फार सोपं असतं.

लोक हिला पांढरी मुंगी म्हणतात, पण ही मुंगी नव्हे. नात्यानं ती झुरळाच्या जवळची. कामकरी वाळवी आंधळी, मऊ अंगाची. उजेड आणि कोरडी हवा तिला सोसत नाही. म्हणून माती, लाळ आणि विष्ठा कालवून ती भिंतीवर नळ्या बांधते आणि त्यांच्या आतून ये-जा करते. राणी दिवसाला हजारांनी अंडी घालते. नावाला राणी, पण मातीच्या कोठडीत जन्मभर बंद. आपल्याकडं वारूळ बांधणाऱ्या ज्या जाती आहेत त्या आत बुरशीची शेती करतात. रानात पडलेलं लाकूड, पाचोळा, शेण यांची माती करायचं काम हीच करते. ती नसती तर रानात मेलेल्या लाकडाचे ढीग लागले असते. म्हणजे सफाई कामगारच म्हणा ना.

आणि गंमत बघा. वारूळ बांधतात कामकरी. त्यात शिरतो नाग. नागपंचमीला दूध-लाह्या मिळतात नागोबाला. 'आयत्या बिळात नागोबा' ही म्हण ज्या कुणी पहिल्यांदा उच्चारली त्याला गावगाडा पुरता कळला होता.

वाळवी जात विचारत नाही, असं लोक म्हणतात. खरं आहे. पण ती लाकूड पारखते. जुन्या सागाच्या गाभ्याला सहसा तोंड लावत नाही. आंबा, सावर, कोवळा बांबू फस्त करते. गावातल्या वाड्याला साग असतो, दगडी जोतं असतं, भोवती फरसबंदी असते. आमच्या वस्तीत आंब्याच्या फळ्या, जोत्याचा पत्ता नाही, खांब थेट मातीत पुरलेले. आणि वस्तीच अशी ओढ्याच्या अंगाला की साऱ्या गावचं पाणी उतरून तिथं साचतं. वाळवीला तरी दुसरं काय लागतं? ओल आणि मातीला टेकलेलं मऊ लाकूड. तिला जात नाही, पण घरात यायची तिची वाट जातीनं आखून ठेवलीय.

आता आमच्या घरचं सांगतो. मी सूतगिरणीत रिंगखात्यात आहे. घर गावाकडं, आई आणि धाकटी बहीण तिथं. माळ्यावर आजोबाची एक लाकडी पेटी. तिच्यात बाबासाहेबांचे खंड, एक फोटो आणि आजोबाच्या शाळेचा दाखला. हा कागद काय चीज आहे ते तुम्हाला सांगायला नको. जातपडताळणीला बसलं की अनुसूचित जातीच्या माणसाकडं १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. ज्यांच्या बापजाद्यांना शाळेच्या पायरीवर चढू दिलं नाही, त्यांच्याकडंच शाळेचा जुना कागद मागायचा! तर असा एकच कागद आमच्या खानदानात. बहिणीचं पुढचं शिक्षण त्याच्यावर टांगलेलं. वाळवीनं पेटीचा तळ खाल्ला होता, खंडांची पुठ्ठी पोखरली होती. दाखला वर होता म्हणून वाचला.

घरात वाद सुरू झाला. आई म्हणाली, "आपुन शील घेतलंय. ह्या मुक्या जीवावर इख कसं वतायचं?" तात्या, म्हणजे चुलते, म्हणाले, "वहिनी, तुम्ही कशाला वतताय? शहरात औषध मारणारी माणसं मिळतात. तो येईल, मारील, पैसे घेऊन जाईल. आपल्याला दोष नाय."

दोघांचं बोलणं मी बरेच दिवस डोक्यात घोळवतोय. तिसऱ्या पाळीला साच्यापुढं उभं राहून दुसरं करणार काय.

आईच्या प्रश्नाला बाबासाहेबांनी उत्तर देऊन ठेवलंय. बुद्ध आणि धम्मावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली निघाला. अहिंसेवर लिहिताना त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या काढल्यात. मारण्याची गरज निराळी आणि मारण्याची हौस निराळी. बुद्धानं हौसेला बंदी घातली. शील हे तत्त्व आहे, त्याचा आंधळा नियम करायचा नाही. नियम आपल्या वतीनं विचार करून मोकळा होतो. तत्त्व आपल्यालाच विचार करायला लावतं. अशी अहिंसा पाळणं सोपं नाही. आंधळ्या नियमापेक्षा अवघड आहे. कारण दरवेळी स्वतःलाच विचारावं लागतं, गड्या, खरंच गरज आहे का? की तुला नुसती चीड आलीय?

या मापानं मोजलं की आमचा निवाडा लागतो. पेटीपर्यंत आलेली वाळवी थांबवणं ही गरज. बांधावरचं वारूळ कुदळीनं फोडणं ही हौस. ते कुणाचंच काही खात नाही. आणि गरजेच्याही आधी एक पायरी आहे. खांब मातीतून काढून दगडावर घ्या. बुडाला डांबर लावा. भिंतीपासून पाणी लांब काढा. नळ्या मोडा, लाकडाचे ढीग भिंतीला लावू नका. एवढं न करता थेट विषाचा डबा उघडणारा माणूस आळशी आहे, आणि आळसाला गरज म्हणता येत नाही. हे सगळं करूनही जे उरतं, त्यालाच गरज म्हणायचं.

पण तात्यांचं बोलणं? ते मला आईच्या बोलण्यापेक्षा जास्त टोचतं. कारण ते आपल्या घरात आलं कुठून, ते मी ओळखतो.

या देशात हजारो वर्षं अहिंसेचं असंच चाललंय. गाय माता. पण माता मेली की तिला ओढायला महार, सोलायला चांभार-ढोर. ज्यानं ओढलं तो बाटला, ज्यानं ओढवलं तो पवित्र राहिला. संडास ज्याचा तो स्वच्छ, काढणारा अस्पृश्य. पुण्य एकाच्या घरी आणि घाण दुसऱ्याच्या हाती. ही वाटणी म्हणजेच जात. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं, तेव्हा या वाटणीच्याच मुळावर घाव घातला. जुलै २०१६ मध्ये उन्याला मेलेल्या गायीचं कातडं काढणाऱ्या पोरांना गाडीला बांधून मारलं. त्यानंतर गुजरातेत आपल्या लोकांनी मेलेली जनावरं कलेक्टर कचेरीपुढं नेऊन टाकली. तुमची आई, तुम्हीच ओढा, म्हणाले. अहिंसेवर याच्याइतकं चोख प्रवचन मी ऐकलेलं नाही.

मग आज आपल्या घरात आपणच म्हणायचं, दुसरा येऊन विष टाकील, आपल्याला दोष नाय?

तो दुसरा कोण असतो ते जरा बघा. जमिनीत वस्ती करणाऱ्या वाळवीसाठी भिंतीच्या कडेनं फूट-फूट अंतरावर जमिनीत भोकं पाडतात आणि त्यात औषध भरतात. एके काळी आल्ड्रिन, क्लोर्डेन, हेप्टाक्लोर वापरायचे. ती विषं माणसाच्या चरबीत, मातीत वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतात, म्हणून जगभर त्यांच्यावर बंदी आणण्याचा करार २००१ साली स्टॉकहोमला झाला. त्यांच्या जागी क्लोरपायरीफॉस वगैरे आली. क्लोरपायरीफॉस किड्याच्या नसांवर घाला घालतं. माणसाच्या नसाही त्याला वेगळ्या वाटत नाहीत. आणि ते मारायला येतो तो पोरगा उघड्या हातानं, तोंडाला रुमाल बांधून, पायात स्लीपर. डब्यावर काय लिहिलंय ते त्याला कुणी वाचून दाखवलेलं नसतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर मेले. तसलाच कापूस गाठी होऊन गिरणीत येतो. मी त्याचं सूत काढतो. ते सूत पांढरंशुभ्र असतं. त्याच्यावर कुणाचं नाव नसतं.

म्हणून माझं म्हणणं असं. विष टाकायचंच असेल तर घरच्यानं डबा वाचावा, हातमोजे घालावेत, तोंड झाकावं, विहीर-हापसा किती लांब आहे ते बघावं आणि मग काम करावं. कसबी माणूस बोलवायची वेळ आली, तर त्याला मोजे, मास्क, साबण, पाणी आणि पुरी मजुरी मिळते का, ते आधी बघावं. तो काम करत असताना आपण शेजारी उभं राहावं. दोष असलाच तर तो आपला. पैसे दिले म्हणून तो त्याच्या अंगावर ढकलता येत नाही.

एक शेवटची गोष्ट. सभेत आपण सर्रास बोलतो, अमका चळवळीला लागलेली वाळवी आहे, तमका गट म्हणजे कीड. टाळ्या पडतात. पण हे बोलणं तपासून घ्या. २०१८ साली एका बड्या पुढाऱ्यानं भरसभेत घुसखोर म्हणत माणसांना वाळवी म्हटलं. १९९४ साली रवांडात रेडिओवरून तुत्सी लोकांना झुरळं म्हणत राहिले आणि तीन महिन्यांत लाखो माणसं कापली गेली. माणसाला एकदा किडा ठरवलं, की गरज आहे का, हा प्रश्नच विचारायचा राहत नाही. उरते नुसती हौस. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला गेला त्यांना हे कुणी शिकवायला नको. शत्रूशी लढा, त्याचं ढोंग फोडा, त्याला नावानं हाक मारून जाब विचारा. जाब माणसालाच विचारता येतो. वाळवीला कुणी जाब विचारत नाही.

तेव्हा दोस्तांनो, शील म्हणताना यापुढं तीन प्रश्न बरोबर ठेवा. खरंच गरज आहे का? त्याआधी करायचं होतं ते सगळं केलं का? आणि शेवटी विष कुणाच्या हातानं जातंय? पहिले दोन प्रश्न कुठलाही भला माणूस विचारील. तिसरा मात्र आपणच विचारायचा. कारण आजवर ते हात आपलेच होते.